मुंबईत फर्निश्ड फ्लॅट भाड्याने घेताना : उस्मानाबाद (धाराशिव) जिल्ह्यातील कुटुंबांसाठी माहिती

आपल्या जिल्ह्यातून मुंबईला जाणारा माणूस पूर्वी कुर्ल्याला किंवा मुंब्र्याला मामूच्या, चाचाच्या खोलीवर उतरायचा आणि हळूहळू स्वतःचं बघायचा. आता तसं राहिलेलं नाही. मुलीला कंपनीत नोकरी लागते आणि पंधरा दिवसांत हजर व्हायचं असतं. कोणाच्या वालिदांचा इलाज परळच्या टाटा मेमोरियलमध्ये सुरू होतो आणि डॉक्टर सांगतात, सहा महिने जवळ राहा. अशा वेळी पलंग, फ्रिज, गॅस घेऊन परंड्याहून, उमरग्याहून निघणं परवडत नाही. मग शोध सुरू होतो तो फर्निश्ड फ्लॅटचा. घाईत घेतलेलं घर आणि लाख-दोन लाखांचं (कधी आठ-दहा लाखांचं) डिपॉझिट, हे दोन्ही एकत्र आले की फसवणुकीला वाव मिळतो. त्यासाठी ही माहिती.

फर्निश्ड म्हणजे नेमकं काय

या शब्दाला कायद्यात व्याख्या नाही. एजंटच्या भाषेत 'फुल फर्निश्ड' म्हणजे पलंग-गादी, कपाट, सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, गॅस शेगडी, बहुतेक वेळा एसी. 'सेमी फर्निश्ड' म्हणजे भिंतीतली कपाटं, किचन ट्रॉली, पंखे, ट्यूबलाइट, फार तर गीझर. पण हे सगळं बोलण्यापुरतं. फोटोत दिसलेला एसी तुम्ही राहायला जाता तेव्हा भिंतीवर नसला, तर तुमच्या हातात काय असतं? करारात लिहिलं असेल तर सगळं, लिहिलं नसेल तर काहीच नाही.

भाडं अर्थातच रिकाम्या घरापेक्षा जास्त असतं. वर्ष-दोन वर्षं राहायचं पक्कं असेल तर सेमी फर्निश्ड घर घेऊन पलंग-फ्रिज जुन्या बाजारातून घेणं किंवा महिन्याच्या भाड्याने आणणं स्वस्त पडतं. सहा-आठ महिन्यांसाठी जाणाऱ्याला मात्र फुल फर्निश्डच बरं.

इलाजासाठी जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी करावी. टाटा रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग आहे. तिथल्या समाजसेवकांना राहण्याच्या सोयीबद्दल विचारा. परळमधली नाना पालकर स्मृती समिती, दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा अशा ठिकाणी रुग्ण आणि सोबतच्या माणसासाठी अगदी कमी खर्चात सोय असते. तिथे जागा मिळेपर्यंत थांबावं लागतं, पण पहिल्याच दिवशी एजंटला टोकन देण्यापेक्षा ही चौकशी नक्की करावी. शिवाय टाटाचंच खारघरला अॅक्ट्रेक केंद्र आहे. इलाज तिकडे चालणार असेल तर घर तळोजा-पनवेल बाजूला बघावं, परळजवळ महाग खोली घेऊन रोज उलटा प्रवास कशाला?

करार कोणता होतो

मुंबईत आज जो करार होतो त्याला 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात. आपण बोलताना 'भाडेकरार' म्हणतो, पण यात तुम्ही भाडेकरू नसता, परवानाधारक असता. ठरलेल्या मुदतीसाठी घर वापरण्याची परवानगी तुम्हाला मिळते, घरावर हक्क तयार होत नाही. मुदत संपली की घर सोडावं लागतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ नुसार मुदतीनंतरही जो राहील त्याला दुप्पट भाडं भरावं लागू शकतं, आणि मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर खाली करून घेऊ शकतो. म्हणून इलाज लांबणार असं दिसलं तर मुदत संपायच्या महिनाभर आधीच नवा करार करून घ्या. 'भाई, राहा की, काय घाई आहे' या मालकाच्या शब्दावर थांबू नका.

याच कलमात एक वाक्य आहे ज्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. लेखी करारात जे नमूद आहे तो अंतिम पुरावा मानला जातो. म्हणजे करारात डिपॉझिट ५० हजार लिहिलं आणि तुम्ही प्रत्यक्षात दीड लाख दिले (मालक 'टॅक्सचा प्रॉब्लेम' सांगतात), तर वरचे एक लाख तुम्ही कोणत्या तोंडाने मागणार? तसंच सामानाचं.

दुसरं कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणीकृत करारच नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाला उलट सिद्ध करावं लागतं. ऐकायला छान वाटतं. पण त्यासाठी मुंबईच्या कोर्टात तारखांना जावं लागेल आणि प्रत्येक तारखेला कळंबहून, भूमहून गाडी पकडावी लागेल. त्यापेक्षा नोंदणीच बरी.

'११ महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, १०० किंवा ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केली की झालं' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. इतर राज्यांतला, एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याचा नियम लोकांनी इथे चिकटवला आहे. आपल्याकडे सहा महिन्यांचा करारसुद्धा नोंदवावा लागतो.

आणि खर्च तरी किती? लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. समजा भाडं ३० हजार, डिपॉझिट एक लाख, मुदत ११ महिने. भाड्याचे झाले ३ लाख ३० हजार, डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज साधारण ९,१६७. बेरजेच्या ०.२५ टक्के म्हणजे साडेआठशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, वर डॉक्युमेंट हँडलिंगचे काहीशे. एजंट यापेक्षा बरेच जास्त मागत असेल तर हा हिशोब त्याच्यासमोर मांडा. घरी येऊन काम करून देण्याची मजुरी तो घेणारच, पण सरकारी किती आणि त्याची किती हे वेगवेगळं विचारा. हा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा करायचा रिवाज आहे.

नोंदणीसाठी ऑफिसात जायची गरज नसते. नोंदणी व मुद्रांक विभागाची ऑनलाइन सोय आहे. मालक, तुम्ही आणि दोन साक्षीदार, सगळ्यांचा आधार क्रमांक आणि अंगठा लागतो. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो. निघण्याआधी आधारवरचं नाव, मोबाइल नंबर नीट आहे का ते गावीच बघून घ्या, वयस्कर लोकांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत ही नेहमीची अडचण आहे. नोंदणी झाली की 'इंडेक्स २' मिळतो. बँक, गॅस, मुलांची शाळा, सगळीकडे तो चालतो. तो हातात आल्याशिवाय डिपॉझिटची पूर्ण रक्कम देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हॉट्सअॅपवर 'दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही' असा मेसेज फिरतो. ती तरतूद केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यातली आहे. तो नमुना आहे, राज्याने कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. मुंबईत डिपॉझिट घासाघीस करूनच ठरतं.

हेवी डिपॉझिट : इथे सगळ्यात जास्त सांभाळा

मुंब्रा-कौसा, मीरा रोडचं नया नगर, कुर्ला, जोगेश्वरी, गोवंडी या आपल्या लोकांच्या वस्त्यांमध्ये 'हेवी डिपॉझिट'चा प्रकार फार चालतो. मालकाला एकरकमी आठ-दहा लाख द्यायचे, महिन्याचं भाडं काही नाही किंवा नावापुरतं, आणि मुदत संपली की पूर्ण रक्कम परत. गावाकडे जमीन किंवा प्लॉट विकून आलेले पैसे असले की माणसाला वाटतं, भाडं वाचलं आणि पैसेही सुरक्षित. पण सुरक्षित कसे? ते पैसे मालकाने दुसऱ्या धंद्यात किंवा दुसऱ्या फ्लॅटमध्ये घातलेले असतात. तुम्हाला परत द्यायचे तर त्याला आधी पुढचा हेवी डिपॉझिटवाला शोधावा लागतो. तो मिळाला नाही की 'थोडा थांबा भाई' सुरू होतं.

एकच फ्लॅट दोघा-तिघांना दाखवून प्रत्येकाकडून रक्कम घेतल्याच्या पोलीस तक्रारी दर काही महिन्यांनी बातम्यांत येतात. कधी पैसे घेणारा मालकच नसतो, तो स्वतः भाड्याने राहणारा असतो. कधी फ्लॅटवर बँकेचं कर्ज असतं, मालक हप्ते थकवतो आणि बँक ताबा घ्यायला येते. तुमचं डिपॉझिट मालकाकडे आहे, बँकेला त्याच्याशी देणंघेणं नाही.

म्हणून मालकाच्या खरेदीखताचा इंडेक्स २, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं मेंटेनन्स बिल आणि लाइट बिल, हे चार कागद मागा. चारही ठिकाणी नाव एकच हवं आणि ते आधार कार्डाशी जुळायला हवं. लाइट बिलावर थकबाकी आहे का तेही कळतं (मुंब्रा-कळवा-शीळ भागात २०२० पासून बिल टोरंट पॉवरचं येतं, महावितरणचं नाही, त्यामुळे गोंधळू नका). नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये त्या मिळकतीचे आधीचे दस्त शोधता येतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून दोन प्रश्न विचारा : फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, आणि त्यावर कर्जाचा बोजा नोंदला आहे का. सेक्रेटरी सांगायला बांधील नसतो, पण बहुतेक जण सांगतात.

रक्कम रोख देऊ नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं आयकर कायद्याने मना आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रोखीचा पुरावा राहत नाही. आरटीजीएस किंवा चेक, तोही करारातल्या मालकाच्याच खात्यावर. भावाच्या, मेहुण्याच्या, एजंटच्या खात्यावर नाही. हेवी डिपॉझिटचा करारही नोंदवता येतो आणि तो स्वस्तातच होतो : दहा लाख डिपॉझिट, ११ महिने, भाडं शून्य धरलं तर मुद्रांक शुल्क दोन-तीनशे रुपयांच्या घरात जातं. एवढ्यासाठी दहा लाखांचा व्यवहार नोटरीवर करणं शहाणपणाचं नाही.

दीनी बाजूही आहेच. दिलेल्या रकमेच्या बदल्यात मोफत किंवा नाममात्र भाड्यात राहणं म्हणजे कर्जावर फायदा घेणं, आणि म्हणून ते सूद ठरतं, असं अनेक उलेमांचं मत आहे. व्यवहार करण्याआधी आपल्या मुफ्ती साहेबांना विचारून घ्या. बाजारभावाने भाडं आणि साधं डिपॉझिट हा मार्ग दोन्ही दृष्टींनी हलका आहे, भाडं महिन्याला टोचतं एवढंच.

इमारत कायदेशीर आहे का

लिव्ह अँड लायसन्स नोंदवला गेला म्हणजे इमारत अधिकृत आहे असं होत नाही. नोंदणी कार्यालय बांधकाम परवानगी तपासत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. इमारत अजून बांधून पूर्ण झालेली नव्हती, तरी आत कुटुंबं राहत होती. २०२५ च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेला ४१ अनधिकृत इमारती कोर्टाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, रहिवासी रस्त्यावर आले. स्वस्त भाड्याचं कारण कधी कधी हेच असतं. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी आहे का हे सोसायटीला विचारा. जुन्या अनेक इमारतींना ते नसतं, म्हणून नाही म्हटल्यावर लगेच पळायचं असं नाही. पण महापालिकेची नोटीस लागली आहे का, धोकादायक इमारतींच्या यादीत नाव आहे का, हे विचाराच. महापालिका दर पावसाळ्याआधी ही यादी जाहीर करतात.

'मुस्लिम? मग नाही होणार'

हे टाळून लिहिण्यात अर्थ नाही. फोनवर नाव सांगितलं की फ्लॅट 'आत्ताच गेला' होतो, हा अनुभव आपल्या तरुण मुला-मुलींना मुंबईत येतोच. २०१५ मध्ये सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा दिल्ली आणि आसपासच्या शहरांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही उच्चवर्णीय आणि दलित अर्जदारांच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जदारांना सर्वाधिक नकार मिळाल्याचं दिसलं.

कायदा काय म्हणतो? संविधानाचं कलम १५ भेदभावाला मनाई करतं, पण ते मुख्यतः सरकारवर बंधनकारक आहे. दुकानं, हॉटेलं, विहिरी अशा सार्वजनिक जागांचा त्यात उल्लेख आहे, खासगी घरमालकाचा नाही. खासगी मालकाने घर नाकारलं तर त्याला शिक्षा होईल असा थेट कायदा आपल्याकडे नाही. सोसायटीची गोष्ट मात्र वेगळी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं असतं, पूर्वपरवानगीची गरज नसते. सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच (२००१ चा शासन आदेश). म्हणजे 'कमिटी मुस्लिमांना देऊ देत नाही' असं मालक म्हणत असेल आणि त्याला खरोखर तुम्हाला घर द्यायचं असेल, तर त्याच्या हातात उपाय आहे : सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार. ती त्यालाच करावी लागते, कारण सभासद तो आहे, तुम्ही नाही. तुमच्यासाठी राज्य अल्पसंख्याक आयोगाचा दरवाजा आहे. आयोग घर मिळवून देणार नाही, पण खुलासा मागवू शकतो. मेसेज, रेकॉर्डिंग जपून ठेवा.

व्यवहारात पहिल्याच फोनवर नाव आणि कुटुंब सांगून टाकावं. नकार आला तर पाच मिनिटं गेली, टोकन गेलं नाही. आणि बिगरमुस्लिम मित्राच्या नावावर करार करून स्वतः राहण्याचा 'जुगाड' करू नका. कागदावर तुम्ही कोणीच नसता. डिपॉझिट मित्राचं, घरही मित्राचं, आणि मालकाला करार मोडायला आयतं कारण.

पोलीस पडताळणीला घाबरायचं कारण नाही. ती धर्म बघून नसते. भाड्याने ठेवलेल्या प्रत्येकाची माहिती पोलिसांना देण्याचा आदेश मुंबई पोलीस वेळोवेळी काढतात आणि ती जबाबदारी मालकावर असते. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, फी नाही. त्याची पोच तुमच्याकडेही ठेवा.

सामानाची यादी आणि चावी

फर्निश्ड घराचा खरा भांडणाचा मुद्दा निघताना येतो. एसी बिघडला, गादीवर डाग आहे, शेगडीचा बर्नर गेला, म्हणून डिपॉझिटमधून इतके कापले. यावर उपाय एकच, करारालाच जोडलेली यादी. प्रत्येक वस्तू, कंपनी, नग आणि अवस्था : 'फ्रिज १, चालू, दारावर ओरखडा'. 'घरातील फर्निचर' एवढं मोघम लिहू देऊ नका. शिवाय वापराने होणारी झीज कापली जाणार नाही, एसी-गीझरची मोठी दुरुस्ती मालकाची आणि बारीकसारीक तुमची, रंगकाम आणि साफसफाईचे किती कापायचे ते आकड्यात, डिपॉझिट चावी दिल्याच्या दिवशीच परत, हे सगळं लिहून घ्या. ताबा घेताना गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन चालू करून व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंगही त्यातच घ्या आणि तो मालकाला त्याच दिवशी पाठवा. निघताना पुन्हा तसंच करा.

'लॉक-इन' हा शब्द करारात शोधा. लॉक-इन सहा महिन्यांचा असेल आणि इलाज चार महिन्यांत आटोपला, तरी उरलेल्या दोन महिन्यांचं भाडं जाऊ शकतं. रुग्णासाठी घर घेणाऱ्यांनी लॉक-इन एक-दोन महिन्यांचाच ठेवायला सांगावा. कारण सांगितलं की बरेच मालक ऐकतात. एजंटची दलाली साधारण एक महिन्याचं भाडं असते, पण तो रिवाज आहे, नियम नाही. ती करार झाल्यावरच द्यायची.

ऑनलाइन जाहिरात बघून गावातूनच पैसे पाठवू नका. 'मी फौजेत आहे, बदली झाली, चावी कुरिअरने पाठवतो, आधी टोकन टाका' किंवा 'क्यूआर स्कॅन करा, पैसे तुम्हाला येतील' हे ठरलेले सापळे आहेत. पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही. गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. स्वतः जाता येत नसेल तर मुंबईतल्या ओळखीच्या कोणाला प्रत्यक्ष फ्लॅट बघायला पाठवा. गाव सोडून गेलेला कोणीतरी प्रत्येक मोहल्ल्यात असतो.

डिपॉझिट अडकलंच तर आधी वकिलामार्फत लेखी नोटीस द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर धाराशिवच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिलांना उत्पन्नाची अट न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, म्हणून करार घरातल्या बाईच्या नावावर असेल तर अर्ज तिनेच करावा. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. सोबत नोंदणीकृत करार, बँकेच्या व्यवहाराची नोंद, सामानाची यादी आणि दोन्ही व्हिडिओ घेऊन जा.